विश्लेषण : ब्राउझरचे कुलूप बंद, तरी मजकूर उघडा कसा? ‘मधला माणूस’ पकडणारे सॉफ्टवेअर काय सांगते?

गूगल, मोझिला आणि ॲपल या तीन कंपन्यांनी २१ ऑगस्ट २०१९ रोजी, एकाच दिवशी, एकसारखा निर्णय जाहीर केला. कझाकस्तान सरकारने नागरिकांना मोबाइल आणि संगणकात बसवायला सांगितलेले ‘राष्ट्रीय सुरक्षा प्रमाणपत्र’ क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर यापुढे मानणार नाहीत. वापरकर्त्याने ते स्वतःच्या हाताने बसवले असले, तरीही मानणार नाहीत. एखाद्या देशाच्या सरकारशी ब्राउझर कंपन्या असा उघड पंगा सहसा घेत नाहीत. शिवाय मोबाइलच्या मालकाने ‘याच्यावर विश्वास ठेव’ असे सांगितल्यावर त्याचे ऐकायचे, हा ब्राउझरचा आजवरचा शिरस्ता आहे. तो इथे मोडावा लागला.

कारण हे प्रमाणपत्र बसवल्यावर नागरिक आणि फेसबुक, नागरिक आणि जीमेल यांच्या मधोमध सरकारी यंत्रणा बसत होती. पासवर्ड, संदेश, शोधलेले शब्द, सगळे तिला वाचता येत होते. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचे कुलूप मात्र नेहमीसारखेच दिसत होते. मग हा मधला माणूस आहे हे कळले कसे? आणि तो फक्त कझाकस्तानातच असतो का?

कझाकस्तानात नेमके काय घडले?

हा बेत जुना आहे. नोव्हेंबर २०१५ मध्येच तिथल्या सरकारी वर्चस्वाच्या कझाकटेलिकॉम या कंपनीने जाहीर केले होते, की १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक ग्राहकाला आपल्या उपकरणात राष्ट्रीय प्रमाणपत्र बसवावे लागेल. बोभाटा झाल्यावर ते निवेदन संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले. हे प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या विश्वासू यादीत घ्यावे, असा अर्जही मोझिलाकडे आला होता. तो मान्य झाला नाही. प्रकरण थंडावले.

मार्च २०१९ मध्ये नूरसुलतान नझरबायेव यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. जूनच्या निवडणुकीत कासिम-जोमार्त तोकायेव निवडून आले आणि त्या काळात रस्त्यावर निदर्शनेही झाली. त्यानंतर महिनाभरात, १७ जुलैपासून, राजधानीतील ग्राहकांना मोबाइल कंपन्यांचे एसएमएस येऊ लागले. ‘काझनेट ट्रस्ट’ नावाचे प्रमाणपत्र उतरवून घ्या, नाहीतर काही संकेतस्थळे उघडायला अडचण येईल, असा त्यांचा आशय होता. सायबर हल्ले आणि ऑनलाइन फसवणूक रोखण्यासाठी हे आवश्यक असल्याचे कारण दिले गेले.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ‘सेन्सॉर्ड प्लॅनेट’ हा प्रकल्प चालतो. जगभरात इंटरनेटवर कुठे, कशी आडकाठी होते याची तो सतत मोजणी करतो. त्याच्या संशोधकांनी जुलै संपण्याआधीच या यंत्रणेची चिरफाड जाहीर केली. त्यांनी लोकप्रिय १० हजार संकेतस्थळे तपासली. त्यातल्या ३७ पत्त्यांवर जाणारी वाहतूकच मध्ये अडवली जात होती. त्यात गूगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर यांच्याबरोबर रशियन भाषकांत चालणारी व्हीके, ओके आणि मेल डॉट आरयू ही संकेतस्थळे होती. यादी वाचली की उद्देश वेगळा सांगावा लागत नाही. ऑनलाइन फसवणूक रोखायची, तर यादीच्या अग्रभागी बँका आणि खरेदीची संकेतस्थळे हवी होती. इथे जवळपास सगळी माणसांनी माणसांशी बोलायची ठिकाणे होती.

संशोधकांनी हे मोजले त्याची रीत ऐकण्यासारखी आहे, कारण बहुतेक मोजणी त्यांनी त्या देशाच्या बाहेर बसून केली. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाकडे जातो तेव्हा सुरुवातीलाच, सांकेतिक बोलणे सुरू होण्याआधी, कुणाकडे जायचे आहे ते नाव उघड्यावर सांगतो. वाटेतील यंत्रणा या नावावर टपून होती. संशोधकांनी कझाकस्तानातील काही हजार साध्या सर्व्हरशी बाहेरून संपर्क साधला, पण नाव घेतले ‘फेसबुक’चे. या सर्व्हरांचा फेसबुकशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांनी आपले स्वतःचे प्रमाणपत्र दाखवायला हवे होते. पण त्यातल्या सुमारे ७ टक्के ठिकाणांहून चक्क फेसबुकच्या नावाचे प्रमाणपत्र परत आले, आणि त्यावर सही होती काझनेटची. मधल्या यंत्राने सर्व्हरला बोलूच न देता आपणच उत्तर दिले होते. हे सारे रस्ते कझाकटेलिकॉमच्या जाळ्यातून जात होते, हेही त्यातून उघड झाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही अडवणूक थांबली. ती केवळ चाचणी होती, काळजीचे कारण नाही, असा खुलासा सरकारकडून आला. पण चाचणीत यंत्रणा चालते हे तर सिद्ध झाले होते. म्हणूनच अडवणूक थांबल्यानंतर दोन आठवड्यांनी का होईना, ब्राउझर कंपन्यांनी ते प्रमाणपत्र कायमचे बाद केले.

पण कुलूप दिसत होते ना?

‘कुलपाचे चिन्ह पाहा, मगच पासवर्ड टाका’ हा सल्ला आपल्याकडे बँकांनी इतकी वर्षे दिला आहे की तो तोंडपाठ झाला आहे. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. कुलपाचा अर्थ एवढाच : तुमचा मजकूर सांकेतिक होऊन जात आहे, आणि समोरच्याने दाखवलेल्या ओळखपत्रावर तुमच्या उपकरणाला मान्य असलेल्या कुणाची तरी सही आहे. ‘कुणाची तरी’ हे शब्द महत्त्वाचे.

प्रत्येक मोबाइलमध्ये आणि संगणकात अशा मान्यवर संस्थांची शंभराहून अधिक नावांची यादी कंपनीकडूनच भरून येते. यातल्या कुठल्याही संस्थेने सही केली की ब्राउझर मान डोलावतो. या यादीत आणखी एक नाव घातले, की त्या नावाच्या मालकाला जगातल्या कुठल्याही संकेतस्थळाचे ओळखपत्र स्वतःच छापता येते.

पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाखेचा शिक्का मारत. समजा, टपाल कार्यालयातल्या कुणी पाकीट फोडले, पत्र वाचले आणि आपल्या लाखेने पुन्हा बंद केले, तर शिक्का वेगळा दिसून चोरी उघड होईल. पण ‘हाही शिक्का खराच समजायचा’ असे घरच्यांना आधीच सांगून ठेवले असेल, तर पाकीट घरी व्यवस्थित बंद पोहोचेल आणि कुणाला शंकाही येणार नाही. कझाक नागरिकांना आलेला एसएमएस म्हणजे घरच्यांना दिलेली ही सूचना होती.

मधला माणूस पकडायचा कसा?

मनात पहिला उपाय येतो तो सोपा. संकेतस्थळानेच ब्राउझरला विचारावे, ‘बाबा रे, तुला माझे कोणते प्रमाणपत्र दिसले?’ पण ही सोय ब्राउझरमध्ये नाही. संकेतस्थळाच्या पानात चालणाऱ्या जावास्क्रिप्टला आपल्याच जोडणीचे प्रमाणपत्र वाचता येत नाही. त्यामुळे संशोधकांना आडवाटा शोधाव्या लागल्या.

एक वाट ग्राहकाच्या बाजूने जाते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००८ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्हज’ नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. त्याची कल्पना गावगाड्यातल्या पंचांसारखी आहे. तुम्हाला एखाद्या संकेतस्थळाचे जे प्रमाणपत्र दिसते, तेच जगात इतरत्र ठेवलेल्या साक्षीदार सर्व्हरनाही दिसते का, हे ताडून पाहायचे. सगळ्यांना एक दिसते आणि फक्त तुम्हाला वेगळे दिसते, तर तुमच्या वाटेत कुणीतरी आहे. कल्पना चोख, पण मोठ्या कंपन्या एकाच संकेतस्थळासाठी ठिकठिकाणी वेगवेगळी प्रमाणपत्रे वापरू लागल्या आणि खोटे इशारे वाढले. शिवाय वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचा खटाटोप करणारे मूठभरच.

दुसरा मोठा प्रयोग फेसबुकवर झाला. ब्राउझरला विचारता येत नाही, पण तेव्हा बहुतेक संगणकांत असलेल्या फ्लॅश प्लेअरला स्वतःची वेगळी जोडणी उघडता येत होती. तिच्यातून संशोधकांनी ग्राहकाला दिसणारे प्रमाणपत्र परत मागवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३४ लाखांहून अधिक जोडण्या तपासल्या गेल्या आणि ६,८४५ ठिकाणी बनावट प्रमाणपत्र सापडले. म्हणजे सुमारे ०.२ टक्के, पाचशेत एक. आकडा लहान वाटला, तरी फेसबुकचा पसारा पाहता माणसे थोडी नव्हेत. मोबाइलवर मात्र फ्लॅश नव्हताच, आणि २०२० च्या अखेरीस तो संगणकावरूनही हद्दपार झाला.

तिसरी वाट संकेतस्थळाच्या बाजूची आहे आणि सध्या तीच सर्वांत कामाची ठरते आहे. ब्राउझर सर्व्हरला पहिला नमस्कार घालतो, त्याला तांत्रिक भाषेत ‘क्लायंट हॅलो’ म्हणतात. ‘मला या या सांकेतिक पद्धती येतात, या क्रमाने येतात, या जादा सोयी चालतात’ अशी यादी त्यात असते. ही यादी प्रत्येक ब्राउझरची निराळी असते. क्रोमची एक, फायरफॉक्सची दुसरी, सफारीची तिसरी. पुढे जोडणी झाल्यावर ब्राउझर आपले नावही सांगतो : मी अमुक आवृत्तीचा क्रोम, विंडोजवरून बोलतो आहे.

मधले यंत्र काय करते? ग्राहकाची जोडणी आपल्यापाशी संपवते आणि सर्व्हरकडे स्वतःची दुसरी जोडणी उघडते. या दुसऱ्या जोडणीतला नमस्कार त्या यंत्राच्या स्वतःच्या ढंगाचा असतो. ब्राउझरचे नाव मात्र ते ग्राहकाकडून आले तसेच पुढे सरकवते. इथे ते पकडले जाते. पत्ता सांगायचा कोल्हापूरचा आणि बोलायचे अस्सल वऱ्हाडीत, असा हा प्रकार. ऐकणाऱ्याला दोन्ही बोली ठाऊक असल्या, की पहिल्याच वाक्याला शंका येते.

याच तत्त्वावर क्लाउडफ्लेअर या कंपनीने १८ मार्च २०१९ रोजी ‘एमआयटीएम इंजिन’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. गो या भाषेत लिहिलेली ही कोडची पेटी आहे. तिच्यात वेगवेगळ्या ब्राउझरांच्या नमस्कारांचे नमुने साठवलेले असतात. आलेला नमस्कार आणि सांगितलेले नाव जुळले नाही, की ती ‘मध्ये कुणी असण्याची शक्यता’ असा शेरा मारते. अडवणूक करणाऱ्या काही ठरावीक उपकरणांची बोलीही तिला ठाऊक असल्याने कधी कधी मधला माणूस कोण तेही सांगता येते. ‘कॅडी’ या वेब सर्व्हरमध्ये अशी सोय २०१७ मध्येच आली होती.

यात एक विरोधाभास आहे. क्लाउडफ्लेअर स्वतःच लाखो संकेतस्थळांच्या पुढे उभी असते, त्यांची सांकेतिक जोडणी उघडते आणि पुढे पाठवते. म्हणजे चोर पकडणारे यंत्र ज्याने बनवले, तोही एका अर्थाने मधलाच माणूस. फरक इतकाच की संकेतस्थळाच्या मालकाने त्याला करार करून तिथे बसवलेले असते. पलीकडच्या ग्राहकाला मात्र हेही कुणी विचारलेले नसते.

मोजले तेव्हा काय सापडले?

मिशिगन आणि इतर विद्यापीठे, गूगल, मोझिला आणि क्लाउडफ्लेअर यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलीवरून माणूस ओळखण्याची हीच पद्धत त्यांनी सुमारे पावणेआठशे कोटी जोडण्यांवर वापरली. फायरफॉक्सच्या अपडेट सर्व्हरकडे येणाऱ्या ४ टक्के जोडण्या वाटेत उघडल्या जात होत्या. खरेदीच्या संकेतस्थळांवर हे प्रमाण ६.२ टक्के, तर क्लाउडफ्लेअरमार्फत जाणाऱ्या अमेरिकेतील जोडण्यांत १०.९ टक्के निघाले. आधीच्या अंदाजांपेक्षा हे दहा पटींहून अधिक होते.

आता खरा धक्का. या मधल्या माणसांत सरकारी हेर किंवा भामटे फारसे नव्हते. बहुतांश होती ती घरच्या संगणकातली अँटिव्हायरस सॉफ्टवेअर आणि कार्यालयांच्या जाळ्यात बसवलेली सुरक्षा यंत्रे. अँटिव्हायरसला सांकेतिक मजकुरातला विषाणू दिसत नाही, म्हणून ते आपले प्रमाणपत्र यादीत घालून जोडणी उघडते. कार्यालयाला गोपनीय कागद बाहेर जातात का ते पाहायचे असते, म्हणून तेही तेच करते. हेतू वाईट नाहीत. पण मधल्या माणसाने पुढची जोडणी तितकीच मजबूत ठेवली का, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर वाईट निघाले. फायरफॉक्सच्या उघडल्या गेलेल्या जोडण्यांपैकी ९७ टक्के आधीपेक्षा कमकुवत झाल्या होत्या. खरेदीच्या संकेतस्थळांबाबत हे प्रमाण ३२ टक्के, तर क्लाउडफ्लेअरबाबत ५४ टक्के. काही यंत्रे तर पुढच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र खरे की खोटे हे नीट तपासतही नव्हती. वापरणाऱ्याला स्क्रीनवर बंद कुलूप, आणि पुढचा रस्ता उघडा.

मार्च २०१७ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही संस्थांना याबाबत इशारा दिला : अशी उपकरणे बसवण्याआधी ती सुरक्षा वाढवतात की घटवतात, ते तपासून घ्या.

सुरक्षेचे निमित्तही नसलेले उदाहरण म्हणजे ‘सुपरफिश’. लेनोवो कंपनीने आपल्या काही लॅपटॉपमध्ये हे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून दिले होते. काम काय, तर लोक पाहत असलेल्या पानांत जाहिराती घुसवणे. त्यासाठी त्याने प्रत्येक लॅपटॉपच्या विश्वासू यादीत आपले प्रमाणपत्र घातले, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच ठेवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले तेव्हा एका सुरक्षातज्ज्ञाने काही तासांत ती किल्ली बाहेर काढून दाखवली. म्हणजे कॅफेतल्या वायफायवर शेजारी बसलेल्या कुणालाही अशा लॅपटॉपवाल्याची बँक उघडता आली असती. या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीला २०१७ मध्ये तडजोड करावी लागली.

या सॉफ्टवेअरच्या मर्यादा काय?

जो मधला माणूस लपायची तसदी घेत नाही, तो सापडतो. ब्राउझरच्या नमस्काराची हुबेहूब नक्कल करणारी साधनेही उपलब्ध आहेत. ती मुळात सेन्सॉरशिप चुकवणाऱ्यांसाठी तयार झाली, पण हत्यार कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. उलट बाजूने, कुणी खासगीपणासाठी ब्राउझरचे नाव बदलून सांगितले तरी सॉफ्टवेअर संशय घेते. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येतात, त्यांच्यासोबत बोली बदलते. नमुने अद्ययावत ठेवले नाहीत, तर कालचा साव आज चोर ठरतो.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर लक्ष ठेवणारी व्यवस्थाही इथे उपयोगाची नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार ही संस्था फोडून तिच्या नावाने गूगलसह अनेकांची बनावट प्रमाणपत्रे काढली गेली आणि इराणमधील जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवली गेली. क्रोमने दिलेला इशारा एका इराणी वापरकर्त्याने चव्हाट्यावर मांडला, म्हणून ते उघडकीस आले. संस्था महिन्याभरात दिवाळखोरीत गेली. त्यातून धडा घेऊन, दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत लिहायचे, अशी पद्धत उभी राहिली. एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ती सक्तीची केली. पण यादीत मालकाने स्वतः घातलेल्या प्रमाणपत्रांना या सक्तीतून सूट आहे. कार्यालये आणि अँटिव्हायरस कंपन्यांची अडचण होऊ नये म्हणून ठेवलेली ही फट आहे. कझाकस्तानने नेमके तिच्यातूनच पाऊल टाकले.

सगळ्यात मोठी अडचण मात्र तांत्रिक नाही. संकेतस्थळाला कळले की या ग्राहकाच्या वाटेत कुणीतरी बसले आहे, तर पुढे काय? ग्राहकाला सांगायचे तर ते सांगणेही त्याच मधल्या माणसाच्या हातून जाणार, आणि वाटले तर तो ते गाळून टाकू शकतो. त्यातून बँकेने ‘तुमचे कार्यालय तुमचे खाते वाचत असू शकते’ असे पान दाखवले, तर घाबरलेला ग्राहक पहिला फोन बँकेलाच करणार. त्यामुळे हे इशारे बहुधा संकेतस्थळाच्या नोंदींत राहतात. ज्याचा मजकूर उघडला गेला, त्याच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. शोधणारे यंत्र आहे, बातमी पोहोचवणारा नाही.

भारतात काय स्थिती?

भारताचे नाव या यादीत एकदा ठळकपणे आले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले, की आपल्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे फिरत आहेत आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या सहीने निघाली आहेत. भारतीय प्रमाणन नियंत्रकांची सही मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती, त्यामुळे विंडोज संगणकांवर ती खरी मानली गेली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्याने तो बचावला. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. एनआयसीच्या प्रक्रियेत शिरकाव झाला होता, असे चौकशीअंती सांगण्यात आले. पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकांच्या सहीला फक्त सात पत्त्यांपुरते बांधून घातले. त्यात सरकारी पत्त्यांबरोबर रिझर्व्ह बँकेचा पत्ताही होता. गैरवापर व्यापक झाल्याची चिन्हे आढळली नाहीत. पण विश्वास एकदा गेला की किती आखडतो, ते त्या सात नावांत दिसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ सरकारला माहिती अडवण्याचा, तिच्यावर लक्ष ठेवण्याचा आणि ती उलगडून मागण्याचा अधिकार देते. सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने या कामासाठी दहा यंत्रणांची नावे जाहीर केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. नागरिकांनी मोबाइलमध्ये सरकारी प्रमाणपत्र बसवावे, असा आदेश मात्र आपल्याकडे निघालेला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या हक्काचे रक्षण करणारा विदा संरक्षण कायदा २०१९ मध्ये मसुद्यातच होता. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत कर्मचाऱ्याची सांकेतिक जोडणी उघडून पाहिली जात असेल, तर ते त्याला स्पष्टपणे सांगावे, असे नेमके बंधन त्यामुळे तेव्हा कुणावर नव्हते. नेमणुकीच्या वेळी सही केलेल्या जाडजूड कागदांत एखादे वाक्य असते, तेवढेच.

आणि कधी कधी सक्तीचीही गरज पडत नाही. ‘फेसबुक रिसर्च’ नावाच्या ॲपचे प्रकरण जानेवारी २०१९ मध्ये उघड झाले. महिन्याला २० डॉलरपर्यंत मोबदला देऊन १३ ते ३५ वयोगटातील लोकांच्या मोबाइलमध्ये ते बसवले जात होते. त्यासोबत प्रमाणपत्रही बसत असे आणि मोबाइलमधली सांकेतिक वाहतूक कंपनीला उघडता येत असे. अमेरिकी सिनेटरला दिलेल्या माहितीनुसार असे सुमारे १ लाख ८७ हजार वापरकर्ते होते. त्यातले ३१ हजार अमेरिकेतले, उरलेले सगळे भारतातले.

आपल्या मोबाइलमध्ये हे कुठे पाहायचे?

अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ नावाची यादी असते. नावे कंपनीगणिक थोडी बदलतात. तिच्यात ‘सिस्टिम’ आणि ‘युजर’ असे दोन भाग दिसतात. पहिल्यात मोबाइलबरोबर आलेली लांबलचक यादी असते, तिला हात लावू नये. दुसरा भाग बहुतेकांच्या मोबाइलमध्ये रिकामा असायला हवा. तिथे नाव दिसले, तर ते कार्यालयाने, महाविद्यालयाने, एखाद्या ॲपने की आणखी कुणी घातले, याची चौकशी करावी. ‘नेटवर्कवर लक्ष ठेवले जात असू शकते’ अशी सूचना अँड्रॉइड वरच्या पट्टीत दाखवतो. ती बोटाने सरकवून देण्याआधी वाचावी. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप असे बाहेरून घातलेले प्रमाणपत्र मुळात मानत नाहीत, पण ब्राउझर मानतो. त्यामुळे बँकेचे काम कार्यालयाच्या वायफायवर ब्राउझरमधून करण्यापेक्षा बँकेच्या ॲपमधून केलेले बरे.

आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, अबाउट या वाटेने तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’पर्यंत जाता येते. तिथे प्रमाणपत्राला पूर्ण विश्वास देणारे बटण वेगळे असते आणि ते हाताने सुरू करावे लागते. कुणी एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवरून ते सुरू करायच्या पायऱ्या चित्रांसह पाठवल्या, तर त्या कशासाठी आहेत, हे आता वेगळे सांगायला नको.

संगणकावर पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कुणी दिले ते वाचता येते. बँकेच्या प्रमाणपत्रावर एखाद्या जागतिक संस्थेऐवजी आपल्या अँटिव्हायरसचे किंवा कंपनीचे नाव दिसले, तर मधला माणूस तिथेच आहे. घरच्या संगणकावर अँटिव्हायरसच्या सेटिंगमधून ही तपासणी बहुधा बंद करता येते. कार्यालयाच्या संगणकावर ते कर्मचाऱ्याच्या हातात नसते. तिथे पगाराचे खाते, डॉक्टरांचा अहवाल किंवा दुसऱ्या नोकरीचा अर्ज उघडायचा की नाही, एवढेच त्याच्या हातात उरते.

कझाक नागरिकांना मोझिलाने दिलेला सल्ला याहून कडक आहे. ज्यांनी जुलैमध्ये ते प्रमाणपत्र बसवले, त्यांनी ते उपकरणातून काढून टाकावे आणि सगळे पासवर्ड ताबडतोब बदलावेत. ब्राउझरने आता ते प्रमाणपत्र नाकारले असले, तरी त्या तीन आठवड्यांत जे वाचले गेले, ते वाचून झाले आहे.